बोली पाच हजारांची, चुकारा शून्य: ऑनलाइन लिलावातले खोटे बोलीदार

बाजार समितीच्या यार्डात सोयाबीनच्या ढिगाची हर्रासी होते, तेव्हा बोली बोलणारा माणूस डोळ्यांसमोर उभा असतो. त्याच्याकडे समितीचा परवाना असतो, अडत्या त्याला वर्षानुवर्षं ओळखत असतो आणि चुकारा अडकलाच तर सचिवाच्या टेबलापर्यंत जाता येतं. मोबाइलवरच्या लिलावात यातलं काहीच नसतं. तिथं बोली म्हणजे कोण्या अनोळखी माणसानं टाइप केलेला आकडा. तो टाकायला त्याला एक रुपया लागत नाही, आणि शब्द फिरवायलाही लागत नाही.

आपल्याकडे घराघरांत जुन्या वस्तू पडून असतात. आजीच्या पेटीत राणीछाप रुपये निघतात, कोणाच्या काकांनी जमवलेली पोस्टाची तिकिटं असतात, कोणाकडे ढब्बू पैशांनी भरलेली पिशवी असते. पोरीचं कॉलेज, विहिरीचं काम, दवाखाना अशा वेळी या वस्तू विकायला निघतात आणि विकणारा बहुतेकदा पहिल्यांदाच विकत असतो. खोट्या बोलीदाराला हाच माणूस सोपा जातो. म्हणून खोटी बोली नेमकी काय नुकसान करते आणि ती अडवायची कशी, हे नीट समजून घेऊ.

आकडा चढतो कसा

नाण्यांचे आणि तिकिटांचे लिलाव सध्या साधारण दोन पद्धतींनी चालतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या संग्राहकांच्या ग्रुपमध्ये विकणारा फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत म्हणजे बेस सांगतो, किती रुपयांनी वाढवायचं ते सांगतो आणि ‘रात्री दहाला बंद’ असं लिहितो. लोक खाली आकडे टाकत जातात. दुसरी पद्धत ईबेसारख्या संकेतस्थळांची. तिथं तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच भरून ठेवता आणि समोरचा वाढवेल तसं संकेतस्थळ तुमच्या वतीनं गरजेपुरतंच वाढवत राहतं.

ही दुसरी पद्धत एका उदाहरणानं पाहू. तांब्याच्या जुन्या नाण्यांचा एक लॉट आहे. बेस ५०० रुपये, वाढ ५० रुपयांची. पवनीचा एक संग्राहक जास्तीत जास्त ९०० द्यायला तयार आहे, अचलपूरचा एक जण १,२०० पर्यंत. दोघंच असतील तर लॉट अचलपूरला जाईल, आणि जाईल ९५० ला. पवनीवाला ९०० ला थांबला, त्याच्यावर एक पायरी चढली की काम झालं. अचलपूरवाल्याचे उरलेले २५० त्याच्याच खिशात राहतात.

आता यात तिसरा माणूस घुसतो. त्याला काही घ्यायचं नाही, तरी तो ५,००० भरून ठेवतो. संकेतस्थळ बिचारं प्रामाणिक असतं. ते अचलपूरवाल्याला त्याच्या १,२०० पर्यंत ढकलत नेतं आणि मग १,२५० ला खोट्याला विजेता ठरवतं. विकणारा खूश होतो. ९५० ची वस्तू १,२५० ला गेली म्हणून घरी सांगतो. पैसे येत नाहीत. चार दिवस वाट पाहून तो अचलपूरवाल्याला विचारतो, तोवर त्यानं ते पैसे दुसऱ्या लॉटला लावलेले असतात, किंवा त्याला शंका आलेली असते की हा भाव चढवणारा विकणाऱ्याचाच माणूस होता. वस्तू घरातच राहते. खरा गिऱ्हाईक तुटतो. आणि विकणाऱ्याच्या डोक्यात १,२५० हा आकडा पक्का बसतो, त्यामुळे पुढच्या वेळी ९५० चा खरा भाव आला तरी तो नाही म्हणतो. तीन नुकसानांपैकी मला हे शेवटचं सगळ्यांत वाईट वाटतं, कारण ते कुठं दिसत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं.

हे लोक असं का करतात

काही निव्वळ रिकामटेकडे असतात. नवा नंबर, नवं खातं, रात्री मोबाइल हातात आणि जिंकल्याचा आनंद. सकाळी फोन बंद. त्यांच्यामागे काही मोठं कारस्थान नसतं, पण आपला लॉट मात्र फुकट जातो.

काही दुसरे विक्रेते असतात. त्यांच्याकडे तसंच नाणं विकायला असतं, म्हणून ते तुमचा लिलाव अडवून ठेवतात. तुमचा सौदा फसला की गिऱ्हाईक आपसूक त्यांच्याकडे वळतं.

जोडीनं काम करणारे जरा हुशार असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिलावात पहिला ३०० ची बोली टाकतो. लगेच दुसरा ९,००० टाकतो. एवढा आकडा पाहून बाकीचे लोक हात आखडतात. दहा वाजायला दोन मिनिटं असताना दुसरा आपला मेसेज डिलीट करतो, ‘भाऊ, चुकून एक शून्य जास्त पडला’ म्हणतो, आणि हजाराची वस्तू पहिल्याला ३०० ला मिळते. ईबेनं यासाठी बोली मागं घेण्यावर बंधनं घातली आहेत: लिलाव संपायला बारा तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर टाकलेली बोली तासाभराच्या आतच मागं घेता येते. ग्रुपमध्ये असा नियम आपणच घालायचा असतो.

आणि एक प्रकार आपल्या स्वतःच्या घरातून येतो. भाचा म्हणतो, ‘मामाजी, मी दुसऱ्या नंबरवरून दोन बोल्या टाकतो ना, भाव चढंल.’ हे करू नका. १९३० चा मालविक्री कायदा याबद्दल स्पष्ट आहे. त्याच्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावायची असेल, तर तो हक्क आधीच जाहीर करून राखून ठेवावा लागतो. आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली वापरली असेल, तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो. ईबेसारख्या ठिकाणी त्यासाठी खातंही बंद होऊ शकतं. आपल्याला अमुक किमतीखाली विकायचंच नसेल, तर त्याला सरळ रस्ता आहे: बेसच तेवढा ठेवा. किमान किंमत ठरवणं कायदेशीर आहे, आणि जोडीनं येणाऱ्या भामट्यांचा खेळही त्यानं तिथंच संपतो.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. बोली अंतिम जाहीर होईपर्यंत बोली लावणाऱ्याला ती मागं घेता येते. म्हणजे मधेच कोणी माघार घेतली तर कायद्यानं त्याला धरता येत नाही. लिलाव बंद होऊन तुम्ही ‘झाला’ म्हटल्यावर मात्र तो सौदा ठरतो आणि त्यानंतर पैसे न देणं म्हणजे करार मोडणं. पण हजार रुपयांसाठी दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढतो? म्हणून सगळी राखण आधीच करावी लागते.

ज्याला जिंकायचंच असतं, तो सगळ्यांत घातक

वरचे सगळे लोक पैसे न देऊन नुकसान करतात. हा शेवटचा माणूस तुमच्या खात्यातले पैसे काढून नेतो. तो भाव कधीच पाडत नाही, उलट कोणी देणार नाही एवढी बोली लावतो. नाण्याचं वजन विचारत नाही, मागच्या बाजूचा फोटो मागत नाही. जिंकला की फोन येतो आणि बोलणं फार गोड असतं.

‘काकाजी, पैसे टाकून रायलो. तुमच्याकडं एक कोड येईल, तो स्कॅन करा अन् पिन टाका, लगेच जमा होतील.’

इथं थांबायचं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. क्यूआर कोड स्कॅन करणाराच पैसे देत असतो. व्यक्तीनं व्यक्तीला पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे फसवणुकीचा एक रस्ता बुजला. क्यूआर, स्क्रीनशॉट आणि खोट्या एसएमएसचे रस्ते अजून उघडे आहेत.

खेड्यात यात एक जादा अडचण येते. रेंज नसते, बँकेचं अ‍ॅप उघडत नाही, आणि समोरचा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकून म्हणतो, ‘तुमच्याकडं नेटवर्क नाही म्हणून दिसत नसन.’ आपल्यालाही ते खरं वाटतं, कारण नेटवर्क खरंच नसतं. स्क्रीनशॉट पाच मिनिटांत तयार करता येतो. ‘तुमच्या खात्यात जमा’ असा मेसेज साध्या नंबरवरूनही कोणी टाइप करून पाठवू शकतो. खात्यातली शिल्लक स्वतः पाहिल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. त्यासाठी गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात जाऊन मिनी स्टेटमेंट काढावं लागलं तरी चालेल, तालुक्याला जाऊन पासबुक छापून आणावं लागलं तरी चालेल. खरा संग्राहक दोन दिवस थांबतो. त्याला ते नाणं हवं असतं.

याच्याच पोटातली दुसरी चाल अशी: ‘माझ्याकडून चुकून दहा हजार जास्त गेले, तेवढे परत पाठवा.’ जास्तीचे पैसे खरंच आले आहेत का ते खात्यात पाहा. आले असतील तर स्वतः परत पाठवू नका. बँकेत लेखी कळवा आणि बँकेकडूनच उलटवून घ्या. ते पैसे तिसऱ्याच कोणाच्या फसवणुकीचे असतील, तर तुमचंही खातं गोठू शकतं.

आणि तिसरी चाल, रिझर्व्ह बँकेच्या नावानं. ‘जुन्या नोटेचे तीन लाख मंजूर झाले, आधी जीएसटी आणि फी भरा.’ रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की ती अशा व्यवहारांत नाही, कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. वस्तू विकणारे तुम्ही आहात. विकण्यासाठी तुम्हीच पैसे भरावेत असं कोणी सांगितलं, की बोलणं संपवा.

पैसे गेलेच तर लाजेनं घरात बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अशा तक्रारीत चॅट, नंबर आणि व्यवहार क्रमांक लागतात, म्हणून रागाच्या भरात काही डिलीट करू नका.

परदेशातल्या घेणाऱ्याबद्दलही इथंच सांगतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तुमच्या राणीछाप रुपयाला लंडनहून कोणी कितीही बोली लावली, तरी ती तुमच्या कामाची नाही. आणि शेत नांगरताना नाण्यांचं मडकं सापडलं असेल, तर ते मुळात लिलावात टाकायचंच नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. हे फक्त कायद्याच्या भीतीनं पाळायचं नसतं. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांची नाणी सापडली, इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती अभ्यासली आणि त्यातून सातवाहन राजांच्या इतिहासात मोलाची भर पडली. तो ठेवा एकेक करून बाजारात गेला असता तर आपल्याच मातीचा इतिहास आपल्याला कळला नसता.

वस्तूची किंमत स्वतःला माहीत हवी

खोटी बोली ओळखायचं सगळ्यांत भरवशाचं हत्यार म्हणजे आपल्या वस्तूचा खरा भाव. चांदीचं नाणं असेल तर खालची पायरी सराफाच्या काट्यावर कळते. इंग्रजी अमलातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४६-४७ चा रुपया निकेलचा. त्या दिवशीच्या चांदीच्या भावानं गुणा, खालचा आकडा मिळाला. त्याच्यावर किती, हे साल, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था ठरवते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणं मागं घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली. म्हणून ते साल संग्राहक शोधत असतात. उलट वैष्णोदेवीचं चित्र असलेलं ५ किंवा १० रुपयांचं नाणं, किंवा ७८६ आकड्याची नोट लाखाला जाते, या मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. त्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यालाच पाच हजारांची खोटी बोली खरी वाटते.

खरा घेणारा प्रश्न विचारतो. वजन किती, कडा झिजल्या का, घासून चमकवलं तर नाही ना? कमळाखाली टिंब आहे का? पंचम जॉर्जच्या रुपयावर ते टिंब असलं तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसलं तर कलकत्त्याचं. ज्याला हे काहीच विचारायचं नाही आणि आकडा मात्र सगळ्यांच्या तिप्पट आहे, त्याच्याशी लिलाव बंद व्हायच्या आधीच फोनवर बोला. खोटा बोलीदार बहुधा फोन उचलत नाही, उचलला तर नाण्याबद्दल बोलत नाही.

लिलाव मांडतानाच अटी लिहा

फोटोसोबत चार ओळी जास्त लिहायला कंटाळू नका. पैसे किती तासांत यायला हवेत ते लिहा. मी अठ्ठेचाळीस तास हा बरा काळ मानतो, कारण पगाराच्या किंवा चुकाऱ्याच्या भरवशावर बोली लावणारेही प्रामाणिक लोक असतात. शेवटच्या तासात वरची बोली डिलीट केली किंवा मागं घेतली गेली तर लिलाव एक दिवस वाढेल, असं लिहा. या एका वाक्यानं जोडीनं येणाऱ्यांचा धंदा बसतो. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल, हेही लिहा. दर तासाला बोल्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

ग्रुपमध्ये नवीन आलेल्याकडून थोडा इसार घ्यावा की नाही, यावर वाद आहे. माझं मत घ्यावा असं आहे. जमिनीच्या सौद्यात इसार घेताना आपल्याला संकोच वाटत नाही, मग इथं का वाटावा? शंभर रुपये पुरतात. हरला तर त्याच दिवशी परत करा. मात्र हा पैसा शक्यतो ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडे जमा व्हावा, नाहीतर इसाराच्या नावानं लोकांना लुबाडणारे विक्रेतेही निघतात.

ईबेवर विकत असाल तर ज्यांनी आधी पैसे बुडवले त्यांना रोखणारी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. नको असलेली खाती नावानिशी रोखताही येतात. आणि एकच किंमत ठरवून विकताना ‘लगेच पैसे भरा’ हा पर्याय ठेवला, तर पैसे भरल्याशिवाय वस्तू विकली गेलीच असं होत नाही. मौल्यवान एखादंच नाणं असेल तर मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथल्या नाण्यांच्या नोंदणीकृत लिलावगृहांना फोटो पाठवून विचारणं जास्त बरं. तिथं बोली लावण्याआधी नाव नोंदवावं लागतं. त्यांचं कमिशन जातं, पण राखणही त्यांचीच असते.

तरीही खोटा जिंकलाच तर

पहिल्या दिवशी एक साधा, सभ्य मेसेज: वस्तू, रक्कम, शेवटची तारीख. भांडण नाही. कधीकधी माणूस खरंच दवाखान्यात असतो. मुदत संपली की दुसरा मेसेज: सौदा रद्द. ईबेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर विकणाऱ्याला ऑर्डर रद्द करता येते, आणि रद्द करताना ‘पैसे दिले नाहीत’ हेच कारण निवडा, म्हणजे त्या खात्यावर नोंद राहते. ग्रुपमध्ये असाल तर स्क्रीनशॉट अ‍ॅडमिनला द्या. त्याचा नंबर आणि फोटो चारचौघांत टाकून बदनामी करू नका. ते खातं दुसऱ्याच्या नावावर उघडलेलं असू शकतं, आणि बिनगुन्ह्याचा माणूस भरडला जातो.

मग दुसऱ्या क्रमांकाकडे वळायचं. इथं बहुतेक विक्रेते घाई करतात आणि त्याची वरची बोलीच मागतात. वरच्या उदाहरणात अचलपूरवाल्याची वरची बोली १,२०० होती. पण ती खोट्यानं ढकलल्यामुळे तिथवर गेली होती. खोट्याच्या सगळ्या बोल्या खोडा आणि हिशेब पुन्हा मांडा: उरतात पवनीचे ९०० आणि त्यावर एक पायरी, ९५०. अचलपूरवाल्याला ९५० च सांगा, आणि का ते सांगा. ईबेची ‘सेकंड चान्स’ सोय, म्हणजे हरलेल्या बोलीदाराला वस्तू देऊ करायची सोय, त्याच्या सर्वांत वरच्या बोलीवर चालते, तिथं हे जमत नाही. ग्रुपमध्ये मात्र किंमत तुमच्या हातात असते. अडीचशे रुपये सोडल्यासारखे वाटतील, पण ते कधी तुमचे नव्हतेच. या हिशेबानं वागणाऱ्या विक्रेत्याच्या पुढच्या लॉटला लोक न घाबरता बोली लावतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

अचलपूरवाला नाही म्हणाला तर पवनीवाल्याला ९०० ला विचारा. दोघंही नाही म्हणाले तर तोच लॉट दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकू नका. महिनाभर जाऊ द्या, नवे फोटो काढा, वजन लिहा, आणि खाली एक ओळ टाका की मागच्या लिलावात जिंकणाऱ्यानं पैसे दिले नाहीत म्हणून लॉट परत आला आहे, बेस तोच, ५०० रुपये.